थप्पी, कडा आणि कॅमेरा : एका उपेक्षित शास्त्राची प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यात सुट्या कागदांची सर्वांत अवघड मोजणी कुठे होत असेल, तर माझ्या मते ती राहाता तालुक्यात, शिर्डीला. साईबाबा संस्थानाच्या दानपेट्यांतून बाहेर पडणाऱ्या नोटा बँकेतल्या गड्ड्यांसारख्या सरळ नसतात. कुणी नोटेची चौपदरी घडी करून टाकलेली असते, कुणी ती पाकिटात घातलेली असते, कुणी चिठ्ठीत गुंडाळलेली. काहींना कुंकू लागलेले असते, काही हाताच्या घामाने ओलसर झालेल्या असतात. संस्थानाचे कर्मचारी आणि बँकेची माणसे बसून त्या उलगडतात, सरळ करतात, मूल्याप्रमाणे लावतात आणि मगच मोजणी यंत्राच्या तोंडी देतात. रामनवमी, गुरुपौर्णिमा आणि विजयादशमीच्या सुमारास येणारा पुण्यतिथी उत्सव झाला, की दानाची रक्कम वर्तमानपत्रांत छापून येते. ती वाचणाऱ्याला एकच आकडा दिसतो. तो आकडा खरा ठरावा म्हणून एकेक कागद दुसऱ्यापासून सुटा करावा लागला आहे, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही.

कागदाची थप्पी मोजणे आणि तिच्यातला प्रत्येक ताव वेगळा करणे, या दोन कामांचे एक स्वतंत्र शास्त्र आहे. त्यात यंत्र आहे, हवा आहे, प्रकाश आहे, गणित आहे आणि गेल्या काही दशकांत कॅमेराही आला आहे. या विषयात पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्यांसाठी ही प्रस्तावना लिहिली आहे. वाचकांनी अभियांत्रिकी शिकलेली असावी अशी अट नाही. कागद हाताळण्याची सवय आणि थोडी चिकाटी पुरेशी आहे.

विषय लहान वाटेल, पण त्यावर टिकलेला विश्वास मोठा आहे. २०२१ साली नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात पाच लाख रुपयांच्या नोटांचा हिशेब लागेना, तेव्हा प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. पाचशेच्या नोटा म्हटल्या तर ते कागद होते फक्त १०००. पुढे चोरी नव्हे, कामातली चूक असल्याचे समोर आले. मात्र तोवर सारे मुद्रणालय चर्चेत होते. आपल्या जिल्ह्यात सहकारी साखर कारखान्यांच्या निवडणुका मतपत्रिकांवर होत आल्या आहेत. तिथे मतमोजणीच्या टेबलावर आधी ठरावीक संख्येच्या गड्ड्या बांधल्या जातात आणि दोन मतपत्रिका एकमेकींना चिकटून गेल्या तर फेरमोजणीची मागणी होते. शाळेच्या परीक्षेत पाकिटातून एक प्रश्नपत्रिका कमी निघाली, तर एका मुलाची पहिली पाच मिनिटे जातात. मोजणी बरोबर असते तोवर तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही, म्हणूनच हे शास्त्र उपेक्षित राहिले.

थोडा इतिहास पाहिला तर आपला प्रदेश या कामाला नवखा नाही, हे कळेल. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ साली अहमदनगरहून निघू लागले. मराठीतल्या सुरुवातीच्या नियतकालिकांत त्याची गणना होते. जिल्ह्याच्या वायव्येला, गोदावरीच्या वरच्या अंगाला नाशिकरोड आहे. तिथे १९२५ च्या सुमारास प्रतिभूती मुद्रणालय उभे राहिले आणि १९२८ पासून नोटा छापल्या जाऊ लागल्या. त्याआधी हिंदुस्थानच्या नोटा इंग्लंडहून छापून येत. नाशिकला त्या छापणे म्हणजे नुसती छपाई नव्हती. आत गेलेला प्रत्येक ताव बाहेर आला पाहिजे, चांगला म्हणून किंवा बाद म्हणून, पण त्याची नोंद पाहिजे. ही शिस्त शंभर वर्षांपूर्वी आपल्या शेजारी रुजली, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

छापखान्याची मोजमापे तेव्हाही ठरलेली होती. चोवीस तावांचा दस्ता, वीस दस्त्यांचा रीम, म्हणजे ४८० ताव. आता रीम ५०० चा झाला आहे. तो मोजायला यंत्र नव्हते तेव्हा बाइंडर कागदाचा कोपरा पिळून पंख्यासारखा फुलवत आणि बोटांच्या पेरांनी चार-चार किंवा पाच-पाच ताव एका झटक्यात पुढे सारत. नगर, संगमनेर, श्रीरामपूरच्या छापखान्यांत अशी बोटे आजही आहेत. नवख्या वाचकाने यंत्राकडे जाण्याआधी त्यांच्याकडे जावे, असे मी आग्रहाने सांगेन. कोपरा पिळल्यावर तावांच्या मधे हवा शिरते आणि प्रत्येक कड शेजारच्या कडेपासून जराशी सरकते. या शास्त्रातली दोन्ही मोठी तत्त्वे त्या एका हालचालीत आहेत : कागद सुटा करायचा तर मधे हवा हवी, आणि मोजायचा तर कड दिसली पाहिजे.

याच दोन तत्त्वांतून पुढे दोन वाटा फुटतात. पहिली वाट थप्पीतला एकेक ताव उचलून, कॅमेऱ्यासमोरून नेऊन मोजण्याची. दुसरी वाट थप्पीला हात न लावता, तिच्या कडेचे छायाचित्र घेऊन मोजण्याची. वाचकांनी हा भेद सुरुवातीलाच पक्का करून घ्यावा, कारण दोन्हींकडे कॅमेरा असला तरी त्याला विचारलेला प्रश्न वेगळा असतो.

पहिल्या वाटेवर खरी अडचण कॅमेऱ्याच्या आधी येते. ऑफसेट यंत्राच्या फीडरवर हवेचे झोत थप्पीच्या वरच्या तावांच्या कडांवर मारले जातात, रबरी सकर वरचा ताव ओढून उचलतात आणि ब्रश किंवा पातळ पट्टी खालच्या तावाला अडवून धरते. तरी दोन ताव एकत्र जातात. का जातात याची कारणे कागदात आणि हवामानात असतात. बोथट सुरीने कापलेल्या गठ्ठ्यात तावांच्या कडा एकमेकींत दबून बसतात. कोरड्या हवेत घासल्याने स्थिर विद्युत तयार होते आणि कागद कागदाला ओढतो. ओलसर हवेत तंतू फुगतात आणि कड लाटेसारखी वाकते. तंतू ज्या दिशेने पसरलेले असतात तिच्या आडव्या दिशेला ही वाढ जास्त असते. म्हणून कागदाच्या चाचणीसाठी २३ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्के सापेक्ष आर्द्रता हे आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरवलेले आहे.

आपला जिल्हा मात्र या प्रमाणाला जुमानत नाही. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात हवा पाण्याने भरलेली असते, तर कर्जत-जामखेडकडे उन्हाळ्यात ती इतकी कोरडी की कागदाचा रीम उघडताना चर्र आवाज येतो. एकाच गिरणीचा, एकाच वजनाचा कागद या दोन टोकांना वेगळा वागतो. परदेशी यंत्राच्या पुस्तिकेत याचे उत्तर सापडणार नाही. ते आपल्या माणसांनी नोंदी ठेवून शोधायचे आहे, आणि या विषयात मराठी अभ्यासकाला मोकळे रान आहे ते इथेच.

दोन ताव एकत्र गेले की नाही, हे ओळखण्याच्या युक्त्या रंजक आहेत. जुनी यंत्रे जाडी चाचपत. आता एका बाजूने अश्राव्य ध्वनी सोडून दुसऱ्या बाजूला तो किती पोहोचला हे पाहतात. एका तावातून त्याचा काही भाग जातो. दोन तावांच्या मधल्या हवेच्या पातळ थराला अडखळून तो फारच क्षीण होतो.

नोटांच्या बाबतीत सुटा केलेला कागद पुढे कॅमेऱ्यासारख्या संवेदकांसमोर येतो आणि तिथे मोजणीबरोबर परीक्षाही होते. महात्मा गांधी नव्या मालिकेतली शंभरची नोट १४२ मिलिमीटर लांब आहे, दोनशेची १४६ आणि पाचशेची १५०. रुंदी तिन्हींची ६६. चार मिलिमीटरचा हा फरक, रंग, नक्षी, अतिनील प्रकाशातली चमक आणि मळकटपणा, हे सारे यंत्राला नोट पळत असतानाच पाहायचे असते. मिनिटाला १००० नोटा धरल्या तर एका नोटेच्या वाट्याला सेकंदाचा सोळावा-सतरावा भाग येतो. रिझर्व्ह बँकेची मोठी प्रक्रिया यंत्रे ताशी ५० ते ६० हजार नोटा मोजतात, तपासतात, चांगल्या-बाद अशा वेगळ्या करतात आणि बाद नोटांचा तिथेच भुगा करतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर परत आलेल्या १५.३१ लाख कोटी रुपयांच्या नोटांचा हिशेब पुढे जवळपास दोन वर्षे चालला, तो अशा यंत्रांच्या बळावर. गड्ड्यांना पिना मारू नयेत, हा २००१ चा आदेशही याच वाटेवरचा आहे, कारण पिनेने भोक पडलेली, फाटलेली नोट सुटी करताना यंत्र अडते. पुढे २००९ साली शंभर आणि त्यावरच्या नोटा यंत्रातून तपासल्याशिवाय ग्राहकाला पुन्हा देऊ नयेत असे ठरले, आणि हे तंत्र गावोगावच्या शाखांत आले.

दुसरी वाट मला अधिक सुंदर वाटते, हे मोकळेपणाने सांगतो. तिथे कागद हलत नाही. नेहमीचा छपाईचा किंवा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे ५०० तावांचा रीम सुमारे ५ सेंटिमीटर उंच. कॅमेऱ्यासमोर त्या रीमची कापलेली बाजू ठेवली की ५०० फिकट रेघा आणि त्यांच्या मधल्या गडद फटी दिसतात. गणकाने रेघा मोजायच्या, इतके सोपे वाटते. पण रेघ वेगळी ओळखायला प्रत्येक तावाला निदान दोन चित्रबिंदू लागतात, आणि भरवशाचे काम हवे असेल तर पाच-सहा. एका ओळीत ४०९६ बिंदू टिपणारा रेषा-कॅमेरा घेतला तर रीममधल्या प्रत्येक तावाला आठ बिंदू मिळतात. कागद निम्म्या जाडीचा झाला आणि उंची तीच राहिली, की तेच आठचे चार होतात. यंत्र विकत घेणाऱ्याने विक्रेत्याला विचारायचा पहिला प्रश्न त्यामुळे हाच : माझ्या सर्वांत पातळ कागदाला किती बिंदू?

त्यानंतरचे सारे प्रकाशावर अवलंबून आहे. समोरून भगभगीत उजेड टाकला तर पांढरी कड आणि तिच्या शेजारची फट एकमेकींत मिसळतात. दिवा थप्पीच्या वरच्या अंगाने तिरपा धरला तर प्रत्येक कडेखाली बारीक सावली पडते आणि चित्र उठून दिसते. मग गणित सुरू होते. गणक आधी दोन रेघांमधले नेहमीचे अंतर काढतो आणि पुढची रेघ त्या अंतरावर शोधतो. अंतर दुप्पट निघाले, तर मधली एक कड दबली आहे असा संशय घेतो. धुळीचा कण किंवा शाईचा डाग फसवू नये म्हणून एकाच बाजूवर अनेक उभ्या ओळींनी मोजणी होते. डाग एका ओळीला फसवतो, बाकीच्या खरे सांगतात. अलीकडे उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय जाळीही या कामाला लावली जातात. माझे मत असे, की जे यंत्र खात्री नसेल तेव्हा ‘शंका आहे’ म्हणून थप्पी बाजूला काढते, ते न अडखळता आकडा सांगणाऱ्या यंत्रापेक्षा कितीतरी मोलाचे.

इथे कुणी विचारील, हा खटाटोप कशाला? थप्पी काट्यावर ठेवावी, वजनाला एका तावाच्या वजनाने भागावे. हिशेब करून पाहा. ७५ ग्रॅमी कागदाचा ए-४ आकाराचा एक ताव सुमारे ४.७ ग्रॅमचा, रीम सुमारे २.३४ किलोचा. आता हवेतल्या ओलाव्याने कागदाचे वजन एक टक्क्याने वाढले, तर ५०० तावांच्या मोजणीत पाच तावांची चूक झाली. वह्यांना हे चालेल. मतपत्रिकांना, मुद्रांकांना आणि पदवी प्रमाणपत्रांच्या कोऱ्या कागदांना चालणार नाही.

हा अभ्यास कोणी करावा? तंत्रनिकेतनात शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी करावा, कारण यात यंत्रविद्या, इलेक्ट्रॉनिक्स आणि संगणक एकाच टेबलावर भेटतात आणि खर्च आवाक्यात राहतो. नागापूर किंवा सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान कारखानदारांनी करावा, कारण पुठ्ठ्याची खोकी, लेबले आणि पॅकिंग मोजण्याची गरज त्यांना रोजची आहे. सहकारी पतसंस्थांतल्या रोखपालांनीही यात लक्ष घालावे; यंत्र कुठे चुकते हे त्यांच्याइतके कुणी पाहिलेले नसते, फक्त ते लिहून ठेवलेले नसते. वाचकांनी शक्यतो आधी कागद समजून घ्यावा, मग हवा आणि प्रकाश, आणि गणकाची भाषा सर्वांत शेवटी. उलट क्रमाने आलेले हुशार विद्यार्थी बोथट सुरीने केलेली चूक दिवसचे दिवस प्रोग्राममध्ये शोधत बसतात.

सुरुवात घरीच करता येईल. एक न उघडलेला रीम घ्या. त्याच्या एका बाजूचे वेष्टन काळजीपूर्वक कापून कागदाची कड मोकळी करा, टेबलावरचा दिवा वरून तिरपा लावा आणि मोबाइल असा धरा की रीमची उंची छायाचित्राच्या लांब बाजूत पूर्ण भरेल. १२ मेगापिक्सेलच्या छायाचित्राची लांब बाजू सुमारे ४००० बिंदूंची असते, म्हणजे तुमच्याही प्रत्येक तावाला आठ बिंदू मिळतील. छायाचित्र मोठे करून रेघा मोजा, मग तेच ताव हातांनी मोजा. दोन आकडे जुळले नाहीत तर कुठली कड दबली, कुठे सावली पडली नाही, त्या दिवशी हवा कशी होती, हे वहीत तारखेसह लिहून ठेवा. अकोल्याच्या पावसात आणि जामखेडच्या उन्हात लिहिलेल्या अशा नोंदी एकत्र आल्या, तर आपल्या हवामानाला साजेसे यंत्र आपल्याच जिल्ह्यात बनवता येईल. तेव्हा तुमची पहिली नोंद या आठवड्यातच होऊ द्या.