बेसवाल्याची जागा

स्मरणिका समितीच्या मंडळींनी सांगितलं, "काका, तुम्ही ऑर्केस्ट्रात होतात ना, त्यावर काहीतरी लिहा." होतो, हे खरं. पण स्टेजवर कुठे, तर ड्रमच्या बाजूला, मागे, जिथे लाइट पोचत नाही तिथे. मी बेस गिटार वाजवत असे. आपल्या सोसायटीत 'बेस' हा शब्द वर्षातून एकदाच निघतो, गणपती विसर्जनानंतरच्या सभेत, आणि तोही तक्रारीत: "डीजेच्या बेसनं काचा थरथरल्या हो!" तेव्हा मी आपला गप्प बसतो.

काचा का थरथरतात ते आधी सांगून टाकतो. बेस गिटारला साधारणपणे चारच तारा, पण जाड. सर्वांत खालची तार सुटी छेडली तर सेकंदाला सुमारे 41 कंपनं होतात. त्या आवाजाची एक लाट 8 मीटरहून लांब, म्हणजे आपला हॉल आणि बेडरूम ओलांडून जाईल एवढी. अशी लाट भिंतींना जुमानत नाही. म्हणून मिरवणूक चौकात असते, गाणं कोणतं ते कळत नाही, पण धपधप घरात येऊन पोचलेली असते. तबल्याच्या जोडीत डग्गा जे काम करतो, तेच गाण्यात बेसचं. वाजतोय तोवर कोणाचं लक्ष नसतं.

पूर्वी फिल्मी वाद्यवृंदात हे काम डबल बासकडे होतं. माणसाहून उंच वाद्य, नेणं-आणणं म्हणजे कपाट हलवणं. 1951 मध्ये अमेरिकेत लिओ फेंडर यांनी गळ्यात अडकवता येईल असा इलेक्ट्रिक बेस बाजारात आणला. त्यावर पट्ट्या असल्यामुळे सूर नेमका लागायचा, म्हणून नावच 'प्रिसिजन' ठेवलं. आपल्याकडे, मुंबईच्या स्टुडिओत, बेस गिटार सर्वांत आधी हाती घेणाऱ्यांत गोरख शर्मा यांचं नाव घेतात. पंडित रामप्रसाद शर्मांचे चिरंजीव, संगीतकार प्यारेलाल यांचे धाकटे भाऊ. 'कर्ज' (1980) मधल्या 'एक हसीना थी'ची ती सुप्रसिद्ध गिटार त्यांचीच. लोकांना पडद्यावरचे ऋषी कपूर आठवतात. राहुलदेव बर्मन यांच्याकडे बेसवर वर्षानुवर्षे टोनी वाझ. आम्ही पोरं त्या रेकॉर्डी लावून खालचा आवाज वेगळा काढायला शिकलो, पण रेकॉर्डच्या कव्हरवर संगीतकार, गीतकार, गायक एवढीच नावं. वाझ हे नाव मला फार उशिरा कळलं.

माझी बेस गिटार सेकंडहँड, 1981 साली मुंबईहून एस.टी.च्या टपावर बांधून आणलेली. दिवसा चिकलठाण्याच्या एमआयडीसीत नोकरी, आणि गणपती-नवरात्रात मेटॅडोरमधून जालना, परभणी, बीड. घरी वडील म्हणायचे, "चार तारांचं वाद्य, त्यात एका वेळी एकच वाजवतोस, त्याचे पैसे कसले देतात?" परभणीला एकदा भर गाण्यात माझ्या अॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला. गायक गात होता, ड्रम चालू होता, समोरच्या कोणाला काय बिघडलं ते समजलं नाही. पण नाचणारी पोरं हळूहळू थांबली. माझ्या आयुष्यातली सर्वांत मोठी दाद म्हणायची तर तीच.

1987 मध्ये आमच्या ऑर्केस्ट्रात मोठा की-बोर्ड आला. त्याच्या डाव्या बाजूला बेसचा आवाज तयारच होता. मालक वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "तुमचे 75 रुपये वाचतात, गाडीत एक सीटही मोकळी होते." हिशेब चुकीचा नव्हता, म्हणून तर जास्त लागला.

बरंच नंतर वाचनात आलं, तेव्हा कळलं की ही गोष्ट माझ्या एकट्याची नाही. अमेरिकेत मोटाउन नावाची रेकॉर्ड कंपनी होती. तिच्या साठच्या दशकातल्या ढीगभर गाजलेल्या गाण्यांत बेस जेम्स जेमरसन यांचा, उजव्या हाताच्या एका बोटानं वाजवलेला. वादकांची नावं अल्बमवर छापायला 1971 साल उजाडलं, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'च्या वेळी. 25 मार्च 1983 ला कंपनीच्या 25 वर्षांचा मोठा सोहळा झाला. मायकल जॅक्सनचा मूनवॉक जगानं पहिल्यांदा पाहिला, तोच. जेमरसनना निमंत्रण नव्हतं. त्यांनी ब्लॅकनं तिकीट काढलं आणि मागे जाऊन बसले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते गेले. रौप्यमहोत्सवाच्या अंकात हे लिहावं की नाही, याचा मी दोन दिवस विचार केला.

दुसरी गोष्ट मुंबईची, आणि ती मला जास्त आवडते. जपानच्या रोलँड कंपनीनं त्याच सुमारास 'टीबी-303' नावाची छोटी पेटी काढली. कल्पना अशी, की घरी एकट्यानं सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बेसवाल्याची गरज पडू नये. पण तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता. 1984 मध्ये कंपनीनं ती बंद केली. (मला थोडा आनंद झाला, खोटं कशाला बोलू.) मात्र फिल्मी वाद्यवृंदातले मुरलेले वादक चरणजीत सिंग यांनी ती घेतली होती. त्यांनी तिला बेसवाल्याची नक्कल करायला लावलंच नाही. तिच्यावर त्यांनी राग बसवले, ललित, मालकंस असे दहा, खाली डिस्कोचा ठेका. 1982 मध्ये एचएमव्हीनं रेकॉर्ड काढली, फारशी खपली नाही. पुढे 1987 मध्ये शिकागोच्या पोरांनी त्याच पेटीतून 'अॅसिड हाऊस' नावाचं नाचाचं संगीत काढलं. 2010 मध्ये सिंग यांची रेकॉर्ड पुन्हा निघाली, तेव्हा परदेशी मंडळी थक्क झाली. हा माणूस पाच वर्षं आधीच तिथं पोचला होता! म्हातारपणी त्यांना युरोपात कार्यक्रमांना बोलावणी आली. 2015 मध्ये ते वारले.

सी विंगमधली नववीतली एक मुलगी मुंबईच्या मोहिनी डे यांचे व्हिडिओ बघून बेस शिकतेय. मोहिनी यांचे वडीलही बेसवादकच, आणि त्या स्वतः ए. आर. रहमान यांच्यापर्यंत पोचल्या, स्टेजवर अगदी पुढे उभ्या राहून. ही पोरगी मला विचारत आली, "आजोबा, बोटं दुखतात ती कधी थांबतात?" म्हटलं, दोन महिन्यांनी. माळ्यावरची माझी गिटार काढली, तारा नव्या घातल्या. तिची लय माझ्यापेक्षा पक्की आहे, हे इथेच कबूल करतो.

रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात गाणी कराओके ट्रॅकवर होणार आहेत. त्यात बेस आयता असतो. एका गाण्यापुरता ट्रॅक बंद ठेवून तिला वाजवू द्याल का, असा अर्ज मी कार्यकारिणीकडे दिला आहे. स्मरणिका छपाईला जाईपर्यंत तरी उत्तर आलेलं नाही.