गळ्यातला रुपया

वर्धा जिल्हा 1862 साली नागपूरपासून वेगळा झाला, तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेले होते. तिथला कापूस अडल्याने हिंगणघाटच्या कापसाला भाव चढला आणि वऱ्हाड-वर्धा पट्ट्यात चांदीचे रुपये आले. खेड्यात बँक नव्हती. रुपयांना कडी जोडून ओवलेली हमेल हीच बाईची शिल्लक होती. ही निवड मला अत्यंत शहाणपणाची वाटते. सोनाराच्या चांदीत किती भेसळ, हे गिऱ्हाइकाला कळत नसे. टांकसाळीच्या रुपयात मात्र 11.66 ग्रॅम वजन आणि बारात अकरा भाग चांदी ठरलेली. दागिन्याचा कस आणि तोल दोन्ही नाण्याच्या शिक्क्यानेच सांगितले.

कोणी म्हणेल, नुसती बचतच करायची तर रुपये मडक्यात पुरले असते. पण पुरलेले धन घरातल्या पुरुषाच्या हाती लागते. गळ्यातले स्त्रीधन म्हणून तिचेच मानले जाई. शिवाय हौस खोटी नव्हती. पुतळीहाराचे उदाहरण घ्या: पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसचा सोन्याचा डुकाट. व्हेनिसचे गणराज्य 1797 मध्ये संपले, तरी मराठी सोनार पुतळ्या घडवतच राहिले. तेर या प्राचीन गावी तर रोमन नाण्यांच्या मातीच्या, गळ्यात घालायच्या प्रतिकृती सापडल्या आहेत, आणि मातीत बचत कसली? म्हणजे परक्या नाण्याचे रूपही इथे हवेसे होते. वर्ध्याच्या हमेलीत ही जुनी आवड आणि कापसाचा पैसा एकत्र आले. 1940 पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली, तेव्हा जुन्या राणीछाप रुपयांची किंमत बायकांना सरकारइतकीच नेमकी ठाऊक होती.