अटाकामाचा इवलासा सांगाडा

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर चिली नावाचा लांबच लांब, चिंचोळा देश आहे. त्याच्या उत्तरेला अटाकामाचे वाळवंट पसरले आहे. तिथे कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे पाऊस म्हणून पडत नाही. पाऊस नाही म्हणून ओल नाही, आणि ओल नाही म्हणून पुरलेला देह कुजत नाही, नुसता सुकून राहतो. चिंचोरो नावाच्या प्राचीन लोकांनी जतन केलेली प्रेते तिथे सात हजार वर्षे टिकली आहेत.

याच वाळवंटात ला नोरिया नावाचे एक ओसाड गाव आहे. तिथे पूर्वी सोऱ्याच्या खाणी चालत. सोरा म्हणजे नत्राचे खत. युरोपातल्या शेतांसाठी तो जहाजे भरभरून जाई. या सोऱ्यापायी १८७९ साली चिलीचे पेरू आणि बोलिव्हियाशी युद्धही जुंपले. पुढे १९१३ पासून जर्मनीत हवेतल्या नत्राचे खत कारखान्यात होऊ लागले, आणि सोऱ्याचा बाजार बसत गेला. मजूर पांगले. पडक्या भिंती आणि कबरी तेवढ्या मागे राहिल्या.

२००३ साली जुन्यापुराण्या वस्तू हुडकत फिरणाऱ्या एका माणसाला इथे एक गाठोडे सापडले. पांढरे कापड, वर जांभळी फीत बांधलेली. सोडून बघतो तो आत एक सांगाडा! लांबी अवघी पंधरा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरसुद्धा नाही. डोके वर निमुळते होत गेलेले, डोळ्यांच्या खोबणी मोठाल्या, आणि बरगड्यांच्या जोड्या बाराऐवजी दहाच. त्याने तो विकला. विकत विकत तो स्पेनमधल्या एका संग्राहकाच्या हाती गेला. हा परग्रहावरचा प्राणी, अशी आवई उठली. २०१३ साली एका चित्रपटातून ती जगभर गेली.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या हाडातील डीएनए तपासला. डीएनए म्हणजे आईबापांकडून आलेले वारशाचे द्रव्य. त्यांचा सविस्तर निबंध २०१८ च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला. प्राणी परग्रहावरचा नव्हता. ती माणसाची मुलगी होती, तिचे पूर्वज चिलीच्याच भागातले होते, आणि देह शतकांचा जुना नसून काही दशकांचाच असावा.

इथवर ठीक झाले. पण एवढ्याशा देहाची हाडे सहा-आठ वर्षांच्या मुलासारखी दिसतात, असे त्यांना क्ष-किरणांच्या चित्रांवरून वाटले होते. मग हे व्यंग कशाने, याचा शोध सुरू झाला, आणि सात जनुकांत दोष सापडल्याचे त्यांनी लिहिले. माझ्या मते घोडे इथेच पेंड खाते. राक्षस नाही म्हणताना त्यांनी मुलीला विकृत ठरवले.

त्याच वर्षी न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या शियान हॅलक्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याला उत्तर दिले. या मंडळींत चिलीतले शास्त्रज्ञही होते, आणि लहान मुलांची हाडे वाचणे हा हॅलक्रोबाईंचा रोजचा अभ्यास. त्या म्हणाल्या, हिच्यात व्यंग असे काही नाहीच. हा सुमारे पंधरा आठवड्यांचा गर्भ आहे. आता बघा, चौथ्या महिन्यातल्या गर्भाची लांबी साधारण एवढीच असते. शेवटच्या दोन बरगड्या त्या वेळी पुरत्या तयार झालेल्या नसतात. कवटीची हाडे सुटी आणि मऊ असतात. बाहेर पडताना किंवा मातीच्या दाबाने ती चेपली की डोके निमुळते होते. नुकत्या जन्मलेल्या बाळाचे डोके लांबट दिसते, हे आपल्याकडच्या कोणत्याही सुईणीने सांगितले असते.

म्हणजे काय, तर कोणा बाईचा अवेळी गर्भपात झाला होता. घरच्यांनी ते बाळ कापडात गुंडाळले, फीत बांधली आणि मातीत ठेवले. आपल्याकडेही इतके कोवळे मूल जाळत नाहीत, पुरतातच. आणि गोष्ट काही दशकांचीच असेल, तर ती आई त्या वेळी हयातही असू शकेल.

चिलीतल्या शास्त्रज्ञांचा राग यासाठीच होता. आमच्या देशातून देह उकरून बाहेर नेला, विकला, आणि तपासताना कोणी आम्हाला विचारलेही नाही, असे त्यांचे म्हणणे. तिथल्या राष्ट्रीय स्मारक परिषदेने २०१८ साली बेकायदा उकरण्याची चौकशी सुरू केली. त्या वेळी ते बाळ स्पेनमध्ये, खासगी संग्रहातच होते.