लग्न लागलं वाशीमला

वाशीमचा माणूस परगावी गेला की त्याला आधी आपलं गाव कुठे आहे ते सांगावं लागतं. "अकोल्याच्या खाली आणि हिंगोलीच्या वर" असं सांगितलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो. म्हणजे त्याला काहीही कळलेलं नसतं. १ जुलै १९९८ रोजी आमचा जिल्हा अकोल्यापासून वेगळा झाला, पण लोकांच्या डोक्यातून तो अजून वेगळा व्हायचा आहे. अशा वेळी मी हुकमाचा एक्का टाकतो. "साहेब, काव्य आणि समीक्षा यांचं लग्न आमच्या गावात लागलंय!"

थाप नव्हे. राजशेखर नावाच्या पंडिताने सुमारे अकराशे वर्षांपूर्वी 'काव्यमीमांसे'त ही हकीकत लिहून ठेवली आहे. काव्यपुरुष हा सरस्वतीचा मुलगा. आई ब्रह्मलोकी निघाली आणि त्याला बरोबर नेईना, म्हणून चिरंजीव रुसून घराबाहेर पडले. (तेव्हा मुंबईला पळून जाऊन हिरो व्हायची सोय नव्हती.) त्याला वळवायला गौरीने साहित्यविद्या नावाची मुलगी निर्माण केली आणि त्याच्या मागावर धाडली. साहित्यविद्या म्हणजे काव्य कसं जाणावं याची विद्या. आपल्या भाषेत समीक्षा. तो पुढे आणि ही मागे, असा पूर्वदेश, पांचाल, अवंती, दक्षिण सगळा मुलूख पालथा घालून झाला. स्वारी हळूहळू पाघळत गेली आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांनी गांधर्वविवाह केला. वत्सगुल्म म्हणजे आमचं वाशीम. हुंडा नाही, मानपान नाही, बँडसुद्धा नाही! कलावंताने पुढे पळायचं आणि समीक्षेने मागे धावायचं हा रिवाज तेव्हापासूनच पडला असावा.

ही झाली कथा. पण गावाला इतिहासही आहे. वत्सगुल्म ही वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. तिथला राजा सर्वसेन याने चौथ्या शतकात प्राकृतात 'हरिविजय' नावाचं काव्य लिहिलं. सत्यभामेसाठी कृष्णाने पारिजात आणला, ती गोष्ट. आता राजानेच काव्य लिहिल्यावर दरबारात काय झालं असेल ते सांगायला नको. पहिल्या ओळीपासून "वाहवा!" पण या वाहवावाल्यांपैकी एकाचंही नाव आज कुणाला माहीत नाही. आणि काव्य? तेही हरवलं. संपूर्ण पोथी कुठेच मिळत नाही. जे काही कळतं ते पुढच्या टीकाकारांमुळे. काश्मीरच्या आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त त्याचं नाव घेतलं, कुंतकाने सर्वसेनाला कालिदासाच्या पंगतीला बसवलं, धारच्या भोजाने त्यातले वेचे दिले. यांच्यातला एकही जण सर्वसेनाच्या पगारावर नव्हता. राजा जाऊन शतकं लोटली होती. खजिना गेला, सैन्य गेलं, राहिला तो टीकाकारांनी जपलेला कवी!

सिनेमाचं काही निराळं नाही. आपला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजी मुंबईला मॅजेस्टिकमध्ये लागला. आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. राहिले ते काही फोटो, जाहिराती आणि लोकांनी लिहिलेलं, सांगितलेलं. जाहिरातीवर विसंबावं, तर आजवर एकही पडेल चित्रपट निघालेला नाही!

मुंबईत १९३५ साली बाबूराव पटेलांनी 'फिल्मइंडिया' मासिक काढलं आणि भल्याभल्या निर्मात्यांची झोप उडवली. पुढे बाबूरावांनी स्वतःच 'द्रौपदी' आणि 'ग्वालन' काढले आणि दोन्ही पडले. निर्मात्यांच्या घरी त्या दिवशी गोडधोड झालं असणार.

आमच्याकडे मात्र 'फिल्मइंडिया' कोण वाचतो? मुंबईत रौप्यमहोत्सव उरकला की मग रिळांची पेटी वाशीमला यायची. त्यामुळे आमचा समीक्षक म्हणजे अकोल्याला तो चित्रपट आधीच पाहून मीटरगेजच्या गाडीने परतलेला माणूस. तो उतरला की थेट पानठेल्यावर जायचा.

"कसा हाये पिच्चर?"

"गाने पाहून घ्या, मंग घरी या."

संपलं परीक्षण! याला निर्मात्याकडून पास मिळालेला नसे. पैसे स्वतःच्या खिशातले, शिवाय गाडीभाडं वेगळं. स्वतंत्र समीक्षेची याहून चांगली व्याख्या मला अजून सापडलेली नाही.

मीटरगेज गेली, २००८ साली ब्रॉडगेज आली. पानठेला आता मोबाइलमध्ये शिरला आहे. आमचा भाचा गच्चीवर उभा राहून चित्रपटांचं, मालिकांचं परीक्षण करतो आणि ते कॅनडातले लोक पाहतात. मी त्याला म्हटलं, "बाबा रे, तुझ्या जातीची नोंद राजशेखराने आधीच करून ठेवली आहे." राजशेखराने रसिकांचे चार प्रकार सांगितले. पहिला अरोचकी, म्हणजे ज्याला काहीच रुचत नाही. दुसरा सतृणाभ्यवहारी, म्हणजे अन्नाबरोबर गवतही खाणारा. हा प्रत्येक चित्रपटाला साडेचार तारे देतो. तिसरा मत्सरी, ज्याला चांगलं दिसतं पण बोलवत नाही. चौथा तत्त्वाभिनिवेशी, मर्म ओळखणारा. हा हजारांत एखादा. भाच्याने विचारलं, "मामा, सुपारी घेणारा कोणत्या प्रकारात?" राजशेखराला एवढी प्रगती अपेक्षित नव्हती.

सुपारीची तक्रार खोटी नाही. पैसे घेऊन चित्रपट चढवणारे आहेत तसे पाडणारेही आहेत. म्हणून २०२४ साली केरळ उच्च न्यायालयाच्या न्यायमित्राने सुचवलं की, चित्रपट लागल्यावर ४८ तास परीक्षण करू नये. त्याच वर्षी तमिळ निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयाकडे तीन दिवसांची बंदी मागितली. न्यायालयाने ती दिली नाही, हे बरं झालं. कारण अशा बंदीने गप्प कोण बसलं असतं? जाहिरात तर चालूच राहणार. गप्प बसणार तो खिशातले पैसे घालून आलेला गच्चीवरचा भाचा आणि पानठेल्यावरचा भाऊ. मर्म ओळखणारा हजारांत एक असेल, तर तो सापडायला आधी हजार जणांना बोलू द्यायला हवं. त्यातले नऊशे नव्व्याण्णव गवत खातील, खाऊ देत!

शिवाय हे नवरा-बायकोचं प्रकरण आहे. भांडणं होणार, भांडी वाजणार. क्वचित दोन दिवसांचा अबोलाही होईल; पण तो कोणी बाहेरच्याने ठरवून द्यायचा नसतो. आम्ही वाशीमकर वरपक्षाचे नाही आणि वधूपक्षाचेही नाही. पण मांडव आमच्या दारात पडला होता. तेव्हा एवढं बोलायचा अधिकार आमचा आहेच.