एक डोळा मिटून

पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्समध्ये फिलिप्पो ब्रुनेलेस्कीने एक छोटं चित्र रंगवलं आणि मग त्याला आरपार भोक पाडलं. चित्र होतं बॅप्टिस्टरीचं, म्हणजे तिथल्या कॅथेड्रलसमोरच्या अष्टकोनी इमारतीचं. बघणाऱ्याने कॅथेड्रलच्या दारात उभं राहायचं, चित्राची मागची बाजू डोळ्याला लावायची, भोकातून पलीकडे बघायचं आणि दुसऱ्या हाताने समोर आरसा धरायचा. आरशात चित्रातली इमारत दिसायची, आरसा खाली घेतला की खरी. आकाश त्याने रंगवलंच नव्हतं. तिथे घासून चकचकीत केलेली चांदी होती, त्यामुळे वरचे खरे ढग चित्रात सरकत जायचे. ते चित्र आज उरलेलं नाही. मानेत्ती नावाच्या त्याच्या चरित्रकाराने वर्णन लिहून ठेवलं, म्हणून आपल्याला ठाऊक.

मला या सगळ्यात चांदीपेक्षा ते भोक भारी वाटतं. ही जादू एकाच डोळ्याला, एकाच जागेवरून दिसते हे ब्रुनेलेस्कीला पक्कं कळलं होतं. म्हणून त्याने बघणाऱ्याला जागा निवडूच दिली नाही.

ताजमहालाचा कळस चिमटीत पकडणं, पिसाच्या मनोऱ्याला हाताने टेकू देणं, मावळता सूर्य तळहातावर ठेवणं हे आपले फोटो त्याच भोकाचे वंशज. याला फोर्स्ड पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. पर्स्पेक्टिव्हला आपल्या चित्रकलेच्या पुस्तकांत ‘यथार्थदर्शन’ असा शब्द आहे. फसवणुकीच्या मुळाशी ‘यथार्थ’ असावं, ही गंमतच.

वास्तुकारांनी ही युक्ती लगेच उचलली. मिलानमधल्या सांता मारिया प्रेस्सो सान सातिरो या चर्चला मागे रस्ता असल्यामुळे वेदीमागचा भाग बांधायला जागाच नव्हती. ब्रामान्तेने जेमतेम मीटरभर खोलीत भिंतीवर उठाव काढून तिथे लांबलचक कमानदार दालन ‘दाखवलं’. दारातून पाहिलं तर अस्सल, बाजूला गेलात की चपटं. आपल्याकडचे बिल्डर सॅम्पल फ्लॅटमध्ये आरसे लावतात, ते ब्रामान्तेच्या मानाने फारच आळशी काम.

मग कॅमेरा आला आणि भोकाची गरजच संपली, कारण कॅमेरा जन्मजात एकाक्ष. आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटीमीटर अंतरावर असतात. दोघांना किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू अंतर ताडतो. कॅमेऱ्यासाठी जवळची छोटी वस्तू आणि लांबची मोठी वस्तू एकाच कोनात बसल्या, की विषय संपला.

हे किती काटेकोरपणे करता येतं ते मायकेल पॉल स्मिथ या अमेरिकन माणसाने दाखवलं. त्याने ‘एल्गिन पार्क’ नावाचं, प्रत्यक्षात कुठेच नसलेलं, विसाव्या शतकाच्या मध्यातलं गाव उभं केलं. १:२४ मापाच्या मोटारी आणि छोट्या इमारती टेबलावर मांडायच्या, मागे खरी झाडं, खरी घरं येतील असा कोन पकडायचा आणि साध्या डिजिटल कॅमेऱ्याने फोटो काढायचा. फोटोशॉपमध्ये दोन फोटो जोडायचे नाहीत. २०१८ मध्ये तो गेला. त्याचे फोटो बघताना मी अजूनही हमखास फसतो.

त्याच्यामुळेच मी १:२४ मापाची मोटार विकत घेतली आणि आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्रयोग सुरू केले. गणित शाळेतल्या समरूप त्रिकोणांचं आहे. खेळण्यातली गाडी लेन्सपासून एक मीटरवर असेल तर ती २४ मीटरवरच्या खऱ्या गाडीएवढी दिसते. पण खरी मेख उंचीत आहे. लेन्स जमिनीपासून १६८ सेंटीमीटरवर, साधारण माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असेल, तर गाडीखालची फळी लेन्सच्या बरोबर सात सेंटीमीटर खाली हवी, कारण १६८ भागिले २४ म्हणजे सात. मग फळीची कड मागच्या डांबरात विरघळते आणि गाडी रस्त्यावर उतरते. फळी दोन सेंटीमीटर वर घ्या, गाडी तरंगायला लागते.

यात मोबाइल महागड्या कॅमेऱ्यांपेक्षा सोयीचा पडतो. त्याचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे जवळचं आणि लांबचं बऱ्यापैकी एकदमच स्पष्ट येतं. पोर्ट्रेट मोड मात्र बंद ठेवायचा. मागचं धूसर झालं की पितळ उघडं पडतं. ऊन कडक हवं, म्हणजे खेळण्याची आणि झाडांची सावली एकाच दिशेला, एकाच धारेची पडते. माझ्या स्क्रीनवर गाडी पार्किंगमध्ये उभी होती तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या आईला काय दिसत होतं? स्टुलांवर स्टुलं रचून, खेळण्यासमोर वाकलेला सत्तावीस वर्षांचा मुलगा. तिचा डोळा भोकाला नव्हता.

गाडी निर्जीव, तिला काही वाटत नाही. माणसं आली की प्रकरण अवघड होतं. ‘कासाब्लांका’तला (१९४२) विमानतळावरचा शेवटचा निरोप स्टुडिओच्या आत चित्रित झाला. मागचं विमान छोट्या आकाराचं, नकली. ते खरं वाटावं म्हणून धुकं सोडलं आणि विमानाभोवती मेकॅनिक म्हणून बुटक्या व्यक्ती उभ्या केल्या. मुर्नाऊच्या ‘सनराइज’मध्येही (१९२७) शहराच्या सेटवर मागच्या बाजूला हेच केलेलं आहे. ‘कासाब्लांका’च्या श्रेयनामावलीत त्या मेकॅनिकांची नावं नाहीत. जगातल्या सर्वांत गाजलेल्या निरोपांपैकी एका निरोपात त्यांचं काम होतं मापाची पट्टी बनण्याचं. हा प्रसंग मी आता धुक्याकडे बघत पाहतो.

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या पहिल्या भागात (२००१) पीटर जॅक्सनने उलटं केलं. इयान मॅकेलनचा गँडाल्फ कॅमेऱ्याजवळ, एलायजा वुडचा फ्रोडो बराच मागे. पडद्यावर दोघं एकाच टेबलाशी चहा पितात. प्रत्यक्षात टेबलाचे दोन वेगळ्या मापांचे भाग होते आणि कॅमेरा सरकला की त्याच्या हिशेबात वुडची बैठकही सरकायची, म्हणजे ब्रुनेलेस्कीचं भोक चाकांवर बसवलेलं. दोघांना एकमेकांच्या डोळ्यांत बघता येत नसे, नजर ठरवून दिलेल्या रिकाम्या जागी लावावी लागे. हे किती जड जातं ते मी दोन मित्रांना गच्चीवर पुढे-मागे बसवून पाहिलंय. मागच्याची नजर पुन्हा पुन्हा पुढच्याच्या चेहऱ्याकडे जाते. “इकडे काय बघतोस, टाकीकडे बघ!” असं पुढचा ओरडतो आणि दोघंही हसत सुटतात.

दहा वर्षांनी ‘द हॉबिट’ थ्रीडीत चित्रित करायचं ठरलं. थ्रीडी म्हणजे दोन लेन्स, दोन डोळे. दुसऱ्या डोळ्याला लगेच कळणार की फ्रोडोच्या जातीचे लोक छोटे नाहीत, नुसते लांब बसलेत. जुनी युक्ती तिथेच मेली. उपाय सॉफ्टवेअरने दिला, आणि माझा व्यवसाय बघता मी खूश व्हायला हवं. तेरा बुटके एका सेटवर आणि गँडाल्फ दुसऱ्या, संपूर्ण हिरव्या सेटवर. दोन्हीकडचे कॅमेरे जोडलेले, एक हलला की दुसरा त्याच प्रमाणात हलतो. चित्रं नंतर संगणकावर एकत्र करायची. तांत्रिकदृष्ट्या ते काम अफाट आहे, मी त्यावर वाट्टेल तेवढं बोलू शकतो.

पण मॅकेलन त्या हिरव्या सेटवर एकटा होता. समोर स्टँडवर तेरा फोटो, प्रत्येकाला एक दिवा. ज्याचं वाक्य सुरू होईल त्याचा दिवा लागायचा आणि मॅकेलनने त्या दिव्याकडे बघून उत्तर द्यायचं. सत्तरी गाठलेला, आयुष्य रंगभूमीवर काढलेला हा नट तिथे रडला. यासाठी आपण नट झालो नव्हतो, असं तो पुटपुटला. त्याचा माइक चालू राहिला होता आणि ते सगळ्या स्टुडिओला ऐकू गेलं.