शाळूचे बी : निवड, संकर आणि जनुक

सोलापूरहून निघालेली गाडी होटगीला विजापूरच्या अंगाला वळते. पौषात त्या वाटेने गेलात, तर काळ्या रानात शाळू उभा दिसेल. त्यात मालदांडी आजही आहे. नव्या बियाण्यांच्या इतक्या लाटा येऊन गेल्या, तरी ती कशी टिकली?

खळे करण्याआधी घरची म्हातारी टपोरी, भरलेली कणसे बियाण्यासाठी बाजूला काढी. ही झाली निवड. १९३० नंतरच्या दशकात मोहोळच्या सरकारी शेतावर हेच काम शिस्तीने झाले आणि गावरान मालदांडीतूनच 'एम ३५-१' हा वाण निघाला. इथे कुणाचे कुणाशी लग्न लावले नाही बरं का. रानात होते त्यातलेच उत्तम वेचले.

संकर म्हणजे दोन निवडक घराण्यांची सोयरीक. पण ज्वारीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात, आणि फूल इतके बारीक, की हाताने पुंकेसर काढून शेताला पुरेल एवढे बी करणे अशक्यच. १९५४ साली अमेरिकेत ज्याचा पराग वांझ असतो अशा ताटांचा उपयोग करण्याची वाट सापडली. त्याच वाटेने १९६४ साली आपल्याकडे 'सी.एस.एच. १' हा पहिला संकरित वाण आला. खरिपात त्याने उत्पन्न वाढवले. मात्र संकराचे बी दर साल विकत घ्यावे लागते. घरचे पेरले तर आईबापांचे गुण पुन्हा फुटून निघतात, पीक एकसारखे येत नाही. मालदांडीचे घरचे बी मालदांडीच देते.

शिवाय रब्बीचे पीक सरत्या ओलीवर वाढते, कोवळ्या रोपाला खोडमाशी गाठते, आणि घरात भाकरी तशी गोठ्यात कडबा हवाच. बुटक्या ताटाचा कडबा किती निघणार? नुसता दाणा तोलणाऱ्यांनी बैलाला विचारलेच नाही, असे मला वाटते.

जनुकाचे तंत्र आणखी निराळे. त्यात सोयरीक लागत नाही. २००२ साली मंजूर झालेल्या बीटी कापसात मातीतल्या एका जिवाणूचा जनुक आहे. त्यामुळे झाड खाणारी बोंडअळी मरते. पण तो जनुक आधी 'कोकर' या अमेरिकी कापसात बसवला होता. आपल्या वाणांत तो आणायला जालन्याच्या महिको कंपनीला पुन्हा जुना संकरच करावा लागला. बीही संकरित, म्हणजे दर साल विकतचेच. पुढे शेंदरी बोंडअळी त्या विषाला सरावली. २०१७ साली विदर्भाने त्याचा फटका सोसला. ज्वारीचे असे जनुक बदललेले वाण आपल्या शेतात आलेले नाही.

गुरुजी, यंदा काढणीच्या वेळी मुलांना होटगीच्या रानात न्या. एकाच वावरातली दहा कणसे त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, बियाण्याला यांतले कुठले ठेवाल, नि का?