गिऱ्हाईक कोणत्या वाटेनं येतं?

लोणावळ्याच्या बाजारात चिक्कीचं दुकान शोधावं लागत नाही. शोधावं लागतं ते आपल्याला हवं असलेलं नेमकं दुकान. ‘मगनलाल’ हे एकच नाव मागेपुढे वेगवेगळे शब्द जोडून कितीतरी पाट्यांवर झळकतं. या गर्दीत एखाद्या छोट्या दुकानानं स्वतःची वेबसाइट काढावी का? प्रश्न आजचा आहे. पण गिऱ्हाइकाची वाट बदलली की दुकानानं काय करायचं, हे कोडं या गावाला दीडशे वर्षं पडत आलं आहे.

पहिली वाट रेल्वेची. खंडाळा ते पुणे गाडी १८५८ मध्ये सुरू झाली, पण बोरघाट अजून फुटायचा होता. तोवर प्रवासी खोपोलीला उतरून पालखीनं किंवा तट्टावरून घाट चढत. घाटातल्या रेल्वेमार्गाचा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, तेव्हा त्याची पत्नी ॲलिस हिनं कंत्राट पुढे चालवलं. १८६१ मध्ये घाटात ४० हजारांहून अधिक मजूर राबत होते. १८६३ मध्ये मुंबईची गाडी घाट चढून थेट पुण्याला जाऊ लागली.

चिक्कीची जन्मकथा याच रुळांशी जोडलेली आहे. रेल्वेच्या कामगारांना अंगात ताकद राहावी म्हणून गूळ आणि शेंगदाण्यांची ‘गुडदाणी’ विकली जाई आणि त्यातून अगरवाल कुटुंबाचा धंदा उभा राहिला, असं सांगतात. याच कुटुंबाच्या मगनलाल चिक्कीचं स्थापनावर्ष १८८८ दिलं जातं, म्हणजे घाट खुला झाल्यावर २५ वर्षांनी. पदार्थ कामगारांचा असला, तरी त्याला नाव मिळवून दिलं ते प्रवाशांनी. मुंबईहून येणाऱ्या बहुतेक गाड्यांना चढणीसाठी कर्जतला मागून जादा इंजिनं लागतात. त्या थांब्यानं कर्जतला दिवाडकरांचा वडा दिला, तर घाटमाथ्यानं लोणावळ्याला चिक्की.

दुसरी वाट मोटारीची. जुना मुंबई-पुणे रस्ता गावातूनच जात होता, त्यामुळे गाडी थांबली की दुकान समोरच. १९४०च्या दशकापासून कूपर्सच्या चॉकलेट-अक्रोड फजनंही पर्यटकांना चटक लावली.

मग द्रुतगती मार्ग आला. २००२ मध्ये तो पूर्ण झाला आणि ज्याला लोणावळ्यात उतरायचं नाही, त्याला बाजाराचं तोंडही पाहावं लागेना. ज्यांना परवडलं, त्यांनी मार्गावरच्या फूड मॉलमध्ये जागा धरली. बाकीचे शनिवार-रविवारच्या आणि पावसाळ्यात भुशी धरणावर लोटणाऱ्या गर्दीवर विसंबून राहिले. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तीही गर्दी थांबली. पर्यटकाशिवाय दुसरं गिऱ्हाईक नसलेल्या दुकानाची अवस्था काय होते, हे तेव्हा सगळ्यांना दिसलं.

आता नावाजलेली चिक्की घरबसल्या मागवता येते. छोट्या दुकानाला मात्र हे पाऊल तोलून टाकावं लागतं. चिक्कीचा खरा वैरी आहे दमट हवा, आणि लोणावळ्यात एका पावसाळ्यात कित्येकदा ४००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पाक नेमका साधला, गरम असतानाच लाटून वड्या पाडल्या, तरी वेष्टन कच्चं असेल तर माल वाटेतच सादळतो. पाकिटावर अन्नपरवान्याचा १४ अंकी क्रमांक, वजन, तारीख आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीची सूचना हवी. परराज्यात माल पाठवायचा तर जीएसटी नोंदणी आली. यातलं काहीच तयार नसेल, तर वेबसाइटची घाई करू नये.

पण दुकानाच्या नावानं इंटरनेटवरचा पत्ता आधी घेऊन ठेवावा. रस्त्यावर एकाच नावाच्या दहा पाट्या लागू शकतात, इंटरनेटवर नेमका तोच पत्ता दोघांना मिळत नाही. जो आधी मागेल त्याचा तो होतो. त्या जागी सुरुवातीला दुकानाचा फोन, वेळा, भाव आणि माल कुठे बनतो एवढं लिहिलं तरी पुरे. विक्री मागाहून, वेष्टन जमल्यावर सुरू करता येईल. नावाच्या गोंधळाची झळ सोसलेल्या या बाजारात छोट्या दुकानदारानं निदान एवढं काम पुढच्या हंगामाआधी उरकावं.